फोटोवरचे डोळे
समोरच्या शिलाईवाल्या ताईंचे डोळे मी आजवर तीन वेळा रंगवले आहेत. रोलच्या काळात मी एका गिऱ्हाइकाचे दोनच फोटो काढायचो आणि दोन्हींत ताईंचे डोळे हमखास मिटलेले असायचे. मग छापलेल्या फोटोत बारीक ब्रशनं पापण्यांवर बुबुळं काढून द्यायचो. कुणाला पत्ता लागायचा नाही. ताई मात्र दर वेळी म्हणायच्या, "डोळे छान आहेत, पण माझे नाहीत." आज त्या स्वतःच्या नव्या दुकानाच्या पाटीसाठी फोटो काढायला आल्या. "पाटीवर मीच दिसले पाहिजे. तुझी कारागिरी नको," स्टुलावर बसतानाच त्यांनी दम भरला. नवा डिजिटल कॅमेरा घेऊन मी फोटो काढत सुटलो. छत्तीस झाले आणि छत्तिसांतही डोळे मिटलेलेच. ताई रडवेल्या झाल्या. "राहू दे रे. माझ्यापायी तुझा अख्खा रोल वाया गेला." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं त्यांना फ्लॅशची नाही, माझा रोल फुकट जाण्याची धास्ती होती. "ताई, यात रोलच नसतो. हवे तेवढे काढता येतात," मी सांगितलं. "काय सांगतोस?" म्हणत त्यांनी डोळे विस्फारले आणि मी बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या कितीतरी वेळ स्वतःला बघत राहिल्या. "हे माझे," त्या म्हणाल्या. मग टेबलावरचा माझा ब्रश उचलून त्यांनी खुशाल पिशवीत टाकला. "तुला आता कशाला लागतोय? मशीनमधला कचरा झाडायला होईल मला."