अकरा ठिकाणी

काचेपलीकडे माइकसमोर उभ्या मुलीचं सातव्यांदा चुकलं. चुकलं म्हणजे, कागदावर होतं तेच तिने म्हटलं, "निरोप घेते, आई," आणि पडद्यावरच्या पोरीचे ओठ भलत्याच वेळी मिटले.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. जपानी अॅनिमे मालिकेचा हा बारावा, शेवटचा भाग. मराठी आवाज चढवून बाराही भाग आज संध्याकाळी एकत्र पाठवायचे होते, आणि गाडं या एका वाक्यापाशी अडलं होतं.

"वाक्यच चुकीचं आहे," मागच्या खुर्चीवरून वेळ लावणारी बाई म्हणाली.

तिचं काम एवढंच, की कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला सुरू होतं आणि कितव्याला संपतं ते नोंदायचं. ही मालिका तिने कामासाठी एकदा पाहिली आणि नंतर आठ वेळा आपणहून. शेवटच्या तीन वेळा तर आवाज बंद करून, नुसते ओठ बघत. डबा खातानाही समोर मोबाइल आणि मोबाइलवर तीच मालिका, म्हणून सगळा स्टुडिओ तिला 'पुनःप्रक्षेपण' म्हणायचा, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. एकदा पाहून ज्यांना सगळं कळतं त्यांनी काहीच पाहिलेलं नसतं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

अनुवादक सर सोफ्यावर पाय पसरून बसले होते. त्यांच्या नावापुढे दोन पदव्या होत्या. मालिका त्यांनी पाहिलीच नव्हती. हाती आलेल्या इंग्रजी कागदांवरून बारा भाग उरकले होते.

"मूळ इंग्रजीत ती निघते आहे असंच दिलंय, बाई," ते म्हणाले. "तुम्ही आपले सेकंद बघा."

"मूळ इंग्रजी नाही, सर. मूळ जपानी आहे."

आता बोललंच आहे तर सगळं बोलून टाकू, म्हणून ती उठून उभी राहिली. ही पोरगी रोज सकाळी दारात बूट चढवते आणि एकच शब्द म्हणते, इत्ते किमास. म्हणजे जाऊन येते. आईशी तिचं बिनसलंय. अकरा भागांत अकरा सकाळी आई पाठ फिरवून उभी राहते, हूं की चूं करत नाही. बाराव्या सकाळी पोरगी बोटीवरच्या कामाला लांब निघते, तेव्हा आई वळते आणि उत्तर देते. सगळी मालिका त्या एका उत्तरासाठी आहे. आणि सरांनी त्या एका शब्दाचं काय केलं होतं? निघते, चालले, जाते, बाय, एका भागात तर चक्क 'प्रस्थान करते'. पोरगी रोज तेच म्हणत होती हे ऐकणाऱ्याला कळावं कसं?

"मग काय म्हणायला हवं तिने?" दिग्दर्शकाने विचारलं.

"येते मी."

सर हसले. घर सोडून निघालेली मुलगी 'येते' कशी म्हणेल, बाई?

"तुम्ही सकाळी घरून निघताना काय म्हणता, सर?"

सरांनी एक पाय जवळ घेतला.

ती काचेपाशी गेली. "जाते म्हणायला जबडा पडतो. हिचा पडत नाही. निरोपाला मध्येच ओठ मिटतात. हिचे शेवटी मिटतात. बघा." आणि आवाज न करता तिने स्वतःच्या ओठांनी दाखवलं. अर्धे, अर्धे, बंद, मग बारीकशी फट.

दिग्दर्शक घड्याळाकडे बघत म्हणाला, "एक टेक तुमचा. नाही जुळलं, तर उद्यापासून बाहेरच्या टेबलावर. या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

बाहेरच्या टेबलाला पडदा नव्हता. तिथे नुसते आकडे यायचे. तीन वर्षं तिथे काढून ती या खुर्चीपर्यंत पोचली होती.

"चालेल," ती म्हणाली.

दिग्दर्शकाने मुलीच्या हेडफोनमध्ये नवं वाक्य सांगितलं. शेजारच्या माइकपाशी आईचा आवाज देणाऱ्या माई चष्मा पुसत होत्या, हेडफोन गळ्यात होता. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांच्या कागदावर 'काळजी घे, बाळा. सुखी राहा' असंच होतं. त्यांनी हेडफोन चढवला आणि चित्र सुरू झालं.

बूट. दार.

"येते मी."

पडद्यावरचे ओठ मिटायचे तिथे मिटले, उघडायचे तिथे उघडले. पडद्यावरची आई वळली. मागून उजेड असल्यामुळे तिचा चेहरा काळोखात होता.

माईंची नजर कागदावर होती. ती वर आली.

"ये," माई म्हणाल्या.

सातही वेळा ताडकन 'पुन्हा' म्हणणाऱ्या दिग्दर्शकाने या वेळी चित्र पुढे चालू दिलं. माईंनीच गोंधळून कागद उचलला. "अगं बाई, इथे भलतंच लिहिलंय. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं. पुन्हा घेऊ या का?"

"नको, माई," दिग्दर्शक म्हणाला. मग खुर्ची फिरवून त्याने सोफ्याकडे पाहिलं. "सर, मागच्या सगळ्या भागांतलं ते वाक्य बदलायचं. आत्ताच."

सरांचे पाय केव्हाच जवळ आले होते. कुठे कुठे आहे ते, त्यांनी विचारलं. आवाज बराच खाली होता.

वेळ लावणारी बाई आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. फाइल तिने उघडलीसुद्धा नाही.

"अकरा ठिकाणी. पहिल्या भागात तिसरं मिनिट, चाळिसावा सेकंद. दुसऱ्यात..." ती थांबली. "लिहून घ्या, सर."

सरांनी पेनाचं टोपण काढलं.