बिनदातांचं बाळ

पाळण्याला सतरा गज होते आणि त्यांवर दातांच्या एकेचाळीस खुणा. बाळाच्या तोंडात मात्र एकही दात नव्हता. मी हिरड्यांवरून बोट फिरवून खात्री केली.

"ताई, पाळण्याच्या रंगात शिसं आहे असं तुम्ही सांगितलंत, त्याच दिवशी तो जुना पाळणा टाकला," आई म्हणाली. "हा बिनरंगाचा, कोऱ्या लाकडाचा. आता तरी हिच्या रक्तातलं शिसं उतरेल ना?"

मागच्या महिन्यात ते अठरा होतं. पाचच्या वर गेलं की आम्ही आरोग्य खात्यातले लोक घरी येतो.

"खुणांचं म्हणाल, तर माझ्याकडे बघू नका," आजोबा म्हणाले. "माझी कवळी कपात आहे."

आम्ही हसलो. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन मी मशीनमध्ये घातलं. आकडा यायला तीन मिनिटं लागतात. आईने बाळाला मांडीवर घट्ट धरलं.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, रिकाम्या पाळण्यात, लाकूड कुरतडल्याचा आवाज सुरू झाला.

"वळू नका," आई हळूच म्हणाली. "वळून बघितलं की ते थांबतं, आणि मग ही चावायला लागते."

मी वळले होते. आवाज थांबला. बाळाचा जबडा सावकाश हलू लागला.

मशीनवर आकडा आला: बावन्न.