मागे जायचं बटण

१९९५ सालच्या मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी, फूटपट्टीने पडद्यावरची दोन बटणं खरोखरच फूटपट्टी लावून मोजली.

"पुढे जायचं बटण एवढंसं, आणि मागे जायचं त्याच्या दुप्पट? सख्खी भावंडं आहेत ती. सारखीच हवीत."

तो कचेरीचा प्रमुख. सगळं सारखं, सगळं ओळीत, म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला फूटपट्टीच म्हणत. कचेरीत माणसं मोजून सात. वाचनालयांसाठी एक ब्राउझर तयार करायचं काम चालू होतं. इंटरनेट तेव्हा इतकं नवं होतं की शेजारीपाजारी विचारत, "म्हणजे टीव्हीच ना?"

बटणं काढली होती पाटीवालीने. अठरा वर्षं तिने इस्पितळांच्या पाट्या रंगवल्या. मग पाट्या छापून मिळू लागल्या आणि तिचे ब्रश वाळले. इथे तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं, आणि हा शेवटचा आठवडा होता. नोकरी पक्की झाली तर थोरल्या बहिणीकडे ठेवलेल्या लेकीला ती घेऊन येणार होती. दर रविवारी फोनवर लेक एकच विचारी, "आई, मी कधी येऊ?"

"साहेब," पाटीवाली म्हणाली, "इस्पितळात आत जायची वाट मला कधी कुणी विचारली नाही. बाहेर कसं पडायचं, तेवढंच विचारायचे. वाट चुकलेल्या माणसाला आधी परतायचं असतं."

फूटपट्टीने चष्मा पुसला. "चाचणी घेऊ. पाच माणसं बसवायची. तिघांना जमलं तर तुमचं बटण राहील आणि तुम्हीही. नाहीतर बटणं सारखी, आणि तुम्ही मोकळ्या."

चाचणीची त्यांची एक रीत होती. प्रोग्राम अजून पुरा झाला नव्हता; पडद्यावरची बटणं म्हणजे नुसती चित्रं. भिंतीपलीकडच्या खोलीत मौनी बसायचा. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप, असा तो प्रोग्रामर. पलीकडच्या माउसचा बाण त्याला आपल्या पडद्यावर दिसे, आणि तिथल्या टेबलावर माइक ठेवलेला असल्याने माउसची टक कानावरच्या हेडफोनमधून ऐकू येई. टक झाली की तो तिकडून पान बदली. बसणाऱ्याला वाटे, बटणच चालतंय. हव्या त्या पानाचा आकडा कीबोर्डवर दाबायचा. माउस फक्त बटणांसाठी. आणि जे कराल ते मोठ्याने बोलत करायचं. त्या खोलीत दुसरं कुणी थांबायचं नाही.

गुरुवारपर्यंत चारजण झाले. दोघांना जमलं. दोघांचा बाण माशीसारखा पडदाभर भिरभिरला आणि शेवटी त्यांनी हात टेकले.

पाचवी आली ती खालच्या दुकानातली शिवणकाकू. हातातलं काम टाकून तशीच वर आली होती. गळ्यात टेप, आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं लोखंडी अंगुस्तानही तसंच.

"हा उंदीर चावत नाही ना गं?" तिने माउसकडे बघून विचारलं.

"नाही हो काकू." पाटीवालीने माउस हलवून बाण मोठ्या बटणावर नेला. "हे मागे जायचं. चुकलात की हे." एवढंच सांगायची परवानगी होती. ती बाहेर आली आणि मौनीच्या मागे जाऊन उभी राहिली. शेजारी फूटपट्टी.

"तीन नंबर," पलीकडून आवाज आला. "अगंबाई, हे तर फुलझाडांचं निघालं. मला नकाशा हवा होता. मागे." टक.

मौनीने पान बदललं.

"हां. आता पाच नंबर. हेही नाही. मागे." टक.

उत्तरं शोधायला आठ प्रश्न होते. काकू सात वेळा चुकली आणि सातही वेळा परतली. कुठे थांबली नाही की गोंधळली नाही. बाण त्या मोठ्या बटणावर बसला तो बसलाच, तसूभरही हलला नाही.

"हात काय स्थिर आहे!" फूटपट्टी पुटपुटला.

"शिवणकामाचा हात आहे," मौनी म्हणाला. त्या दिवसातले त्याचे बहुधा तेवढेच शब्द.

काकू बाहेर आली. "गुणी मशीन आहे हो तुमचं. आमच्या घरात सांगितलेलं एवढं कुणी ऐकत नाही."

सगळे खळखळून हसले. फूटपट्टीने फूटपट्टी खणात टाकली आणि म्हणाला, "राहू द्या थोरल्या भावाला मोठा." पाटीवाली जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने बहिणीकडे फोन लावला. रविवार नसूनही.

"बॅग भर," ती लेकीला म्हणाली.

तो ब्राउझर अकरा वर्षं वाचनालयांतून चालला, मोठ्या बटणासकट. फूटपट्टी निवृत्त झाला. बागेत आता रोपं मोजून सारख्या अंतरावर लावतो. मौनी कॉलेजात शिकवायला लागला आणि म्हणे गप्प बसत नाही. लेक आईपाशी वाढली, शिकली, आता इमारतींचे नकाशे काढते. ते मोठं बटण रेखाटणारी म्हणून पाटीवालीला पुढे कामं मिळत गेली. साठाव्या वर्षी ती थांबली.

शिवणकाकू नव्वदीला आली तेव्हा तिच्या भाच्याने तिला कॉम्प्युटर आणून दिला. तिसऱ्याच दिवशी तिने पाटीवालीला बोलावून घेतलं.

"बिघडलेला दिलाय मेल्याने. तुमच्यासारखा नाही." माउस तिने उचलून खिडकीत ठेवून दिला होता. "तुमच्याकडेसुद्धा मी त्या उंदराला हात लावला नव्हता. हा कॉम्प्युटर बघ, सांगितलं तरी कसा ढिम्म बसतो."

काकू पडद्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "मागे," आणि बोटातलं अंगुस्तान टेबलावर आपटलं. टक.