पाच पिना

"पिना?" शिडीवरून नॅडीननं विचारलं.

"पाच," पलीकडच्या शिडीवरून मर्व म्हणाला.

रोजचंच होतं हे. लढाऊ विमानातल्या वैमानिकाच्या खुर्चीत वाकायच्या आधी एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सुरक्षेच्या पिना मोजून आकडा सांगायचा. प्रेअरीच्या गवताळ मैदानावरच्या त्या हवाई तळावर दोघं आठ वर्षं ह्याच खुर्च्या सांभाळत होती. पाचही पिना जागेवर असल्या की खुर्ची अगदी गरीब गाय.

नॅडीन कमरेपर्यंत आत वाकली. कुणा शिकाऊ वैमानिकाचं पेन खुर्चीशेजारच्या फटीत पडलं होतं. मर्व खाली उतरला होता, पण तोंडाचा पट्टा चालूच. "काल हॉकीच्या सामन्यात आपल्या गोलकीपरनं काय दिवे लावले, पाहिलंस? माझी म्हातारी आई बरी अडवेल, तेही काठी टेकत."

पेन हाताला लागलं. ती उठायला गेली आणि छातीशी काहीतरी अडलं. जाकिटाची दोरी. खुर्चीच्या काळ्या-पिवळ्या मुठीत ती अडकून बसली होती. आणि मुठीच्या भोकात पिन नव्हती.

ही मूठ वर ओढली की खुर्चीखालची दारू पेटते आणि वैमानिक जळत्या विमानातून आभाळात फेकला जातो. इथे आभाळ कुठलं? इथे विमानं ठेवायच्या हँगरचं लोखंडी छप्पर होतं, आणि मध्ये तिचं डोकं.

"मर्व, पिना किती?"

"सांगितलं ना, पाच."

"बोट लावून मोज."

"आता काय शाळा घेतेस का माझी?"

"मोज रे बाबा, पाया पडते तुझ्या!"

शिडी करकरली. मर्वचं बोट एकेका पिनेवर टेकत गेलं.

"चार," मर्व म्हणाला. "हलू नकोस."

"हलतेय कशाला! दोरी मुठीत अडकलीय. एक हात फटीत, दुसऱ्यावर सगळा भार. फार वेळ नाही धरवणार मला. तू पळ इथनं, कुणालातरी बोलाव."

नियमही तोच होता. आधी हँगर रिकामा करायचा.

"गप बस," म्हणत मर्व खुर्चीवर ओणवा झाला. आता त्याचंही डोकं तिच्या डोक्याला लागून होतं. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. खिशातून काढलेली जादा पिन मुठीवर टकटक आपटत होती, भोक काही सापडत नव्हतं.

"थरथरू नको ना रे मेल्या!"

"तू आधी श्वास घ्यायचा थांब."

तिसऱ्या खेपेला पिन आत गेली. मर्वनं चाकूनं दोरी कापली. दोघं खाली उतरली आणि तिथेच फरशीवर बसली. नॅडीनला रडू फुटलं. दात एकमेकांवर वाजत होते, ते काही केल्या थांबेनात.

"मी बघितलंच नाही गं," मर्व म्हणाला. "तू विचारलंस आणि तोंडातनं निघून गेलं."

"रोज असंच निघून जातं?"

मर्वनं मान खाली घातली. त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं तिला वाटलं. हात उचललाही तिनं, पण तो हवेतच राहिला. ह्याच पिना उड्डाणाआधी काढायच्या असतात. एक जरी राहिली, तरी वर आग लागो नाहीतर काही होवो, खुर्ची जागची हलत नाही.

"मर्व, सकाळी सात नंबरचं विमान उडालं. सगळ्या काढल्यास ना, मी खालून विचारलं होतं. तू हो म्हणालास."

मर्वनं मान वर केली. सात नंबरमध्ये दोन माणसं होती, आणि ते अजून परतलं नव्हतं.

"बघून म्हणालास ना रे?"

मर्व उठला तो थेट वायरलेसकडे पळत सुटला.