तंबू उठला

डोणगावच्या बाजारात सिनेमाचा तंबू लागला आणि सोजराबाईंना लेकाच्या रागाचं कारण सापडलं. मारामारीचा खेळ पाहून आलेल्या पंजाबरावानं रुख्मिणीवर हात टाकला, की सासू सुनेची पाठ शेकता शेकता तंबूवाल्याच्या नावानं बोटं मोडायची. "त्या शिनेमानं बिघडवलं पोराले. नाहीतं माहा पंजाब म्हणजे गाय!"

रुख्मिणी मुकाट ऐकून घ्यायची. शेवटी एकदाचा तंबू उठला, मेहकरकडे गेला. आणि आंघोळीचं पाणी कोमट निघालं म्हणून रुख्मिणीची पाठ पुन्हा सुजली.

"अजून उतरला नाही वाटते शिनेमा," तव्यावर फडकं तापवत सोजराबाई म्हणाल्या.

आता मात्र रुख्मिणीचं डोकंच फिरलं. "आत्याबाई, मामंजीनं तुमचं मनगट मोडलं, तवा कोनता शिनेमा आला होता गावात?"

सोजराबाईंनी वाकडं मनगट पदराखाली घेतलं. फडकं तव्यावर करपायला लागलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"शिनेमा कुठला माय तवा," त्या हळूच म्हणाल्या. "सप्ताह बसला होता. कीर्तन ऐकून घरी आल्ते ते."