मिरचीची कोठी

सुरतेला कामावर असताना नवऱ्यानं हौसेनं आणलेला व्हायब्रेटर, तो वारल्यावर, दीपमालानं पिशवीत घालून मिरचीच्या कोठीत लपवला होता. दमेकरी सासू त्या कोठीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. पिशवी फाटलीय हे कळेपर्यंत दीपमालाच्या अंगात आगीचा डोंब उसळला होता. दवाखान्यात डॉक्टरबाईनं खोदून खोदून विचारलं, पण सासूसमोर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मलम घेऊन परतली आणि तळमळत पडली. दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी उठली, तर मोरीत सासू खोकत बसलेली आणि हातात तीच वस्तू. सासूनं ती साबणानं धुतली, कोरडी पुसली, धुवट फडक्यात गुंडाळून सुनेच्या हातात दिली. खोकतच म्हणाली, “असं कोनी मिरचीमा ठेवस का? तुन्हा सासरा गया तवय मी तुन्हाइतलीच व्हतू. सारी उमर मिरच्या खुडामाच गई.”