ओला टॉवेल

"आई, आज परत बाबांच्या खुर्चीला म्हणालीस, 'अहो, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय!' ते जाऊन वर्ष झालं. डॉक्टरांना दाखवूया." लेकीचं ऐकून मी चरकले. खरंच भ्रम होतोय का मला? नेमाचं पोथीवाचन झाल्यावर मन रमवायला लग्नाच्या वर्षी वाचलेली विनोदी कादंबरी पुन्हा काढली. त्यातली विधवा रोज स्वतःच टॉवेल भिजवून पलंगावर टाकते आणि मेलेल्या नवऱ्यावर खेकसते, "कितीदा सांगायचं तुम्हाला?" तेव्हा आम्ही नवराबायको पोट धरून हसलो होतो. आता अक्षरं दिसेनात. पान लेकीपुढे धरलं. ती आधी फिसकन हसली, मग तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मलपृष्ठावर लेखकाचा फोटो आणि परिचय होता. वय तेवीस, अविवाहित, मिसरूड जेमतेम फुटलेलं. माझे हात आपोआप जुळले. डॉक्टरांचं विसरून लेक पुटपुटली, "आई, एवढ्याशा पोराला हे कुणी सांगितलं असेल गं?"